कच्च्याला हात लावायचा नाही

शर्मिष्ठाने सुगंधाला लॅबच्या काउंटरसमोर आणून उभं केलं ते चोर पकडून आणल्यासारखं. दंडाला धरलं नव्हतं, एवढंच काय ते. "हिचं स्टूल तपास," ती नणंदेला, मृणालिनीला, म्हणाली, "आणि रिपोर्ट आजच्या आज दे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचाय."

मृणालिनी आत सूक्ष्मदर्शकापाशी बसली होती. ती पॅथॉलॉजीची डॉक्टर. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर, चपलांच्या दुकानाच्या वर तिची स्वतःची लॅब आहे. लोकांचं रक्त, थुंकी, लघवी यांत दिवस काढणाऱ्या बाईला सहसा कशाची किळस येत नाही. त्या सकाळी आली, आणि तीही कुठल्या डबीतल्या गोष्टीची नाही, घरच्याच माणसाच्या बोलण्याची.

सुगंधा मृणालिनीच्या दादाच्या घरी, म्हणजे अनंत लिमयेच्या घरी, स्वयंपाकाला होती. मूळची मालवणकडची, सासरा गिरणीत होता, आता सगळं कुटुंब भांडुपच्या कोकणनगरात. दादाची मुलगी अक्षता जन्मायच्या आधीपासून ती या घरात पोळ्या लाटत होती. त्याच बिल्डिंगमधली आणखी तीन घरंही तिच्याकडे होती. 'होती' म्हणायचं, कारण ती तिन्ही आता गेली होती.

झालं होतं ते असं. गेल्या महिन्यात अक्षता शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना कोसळली. डोळे पांढरे, हातपाय ताठ, तोंडाला फेस. डोक्याचा एमआरआय काढला तर मेंदूत वाटाण्याएवढी गाठ, आणि त्या गाठीत जंताचं पिल्लू. डॉक्टर भले होते. म्हणाले, घाबरू नका, औषधाने बरी होईल, पण घरातल्या सगळ्यांचं स्टूल तपासून घ्या, कोणाच्या तरी पोटात मोठा जंत आहे, तो निघाला नाही तर पोरीला पुन्हा होईल. लिमये मंडळींनी हे नीट ऐकलं आणि घरी येऊन 'सगळ्यांचं' या शब्दाचा अर्थ लावला: सुगंधाचं. कारण घरात मासे खाणारी तीच.

त्याच संध्याकाळी अनंतने ग्रुपवर लिहिलं. "आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुगंधाबाईंमुळे आमच्या मुलीला जंताचा संसर्ग झाला आहे. ज्यांच्याकडे त्या काम करतात त्यांनी कृपया काळजी घ्यावी." लोकांनी काळजी घेतली. लिमयांनी तिला कामावरून काढलंच होतं, दुसऱ्या दिवशी त्या तिन्ही घरांनीही दारातूनच परत पाठवलं. एका घराने तर ती धरते म्हणून दाराची कडी सॅनिटायझरने पुसली, आणि तिच्या देखत पुसली.

"डॉक्टर नक्की काय म्हणाले होते, वहिनी?" मृणालिनीने विचारलं.

"घरातल्या सगळ्यांचं तपासा म्हणाले."

"मग तुमच्या डब्या कुठायत?"

शर्मिष्ठाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू मृणालिनीने तिला रस्त्यावर नाचायला सांगितलं. "आमच्या? अगं, आम्ही शाकाहारी."

वहिनीला तिने बाहेर बसायला पाठवलं. सुगंधा काउंटरच्या कडेला बोट घासत उभी होती. रडत नव्हती. रडून झालं होतं ते डोळ्यांवरून दिसत होतं.

"सुगंधा, ही तपासणी तुझी आहे. तू नको म्हणालीस तर मी करणार नाही, आणि रिपोर्ट तुझ्याशिवाय कोणाला देणार नाही."

"करा ना ताई. आणि चांगला आला तर सगळ्यांना सांगा. ओरडून सांगा."

"आणि नाही आला तर?"

"तर औषध द्या." सुगंधा पहिल्यांदाच मान वर करून बोलली. "चोरी केली नाय मी. जंत कोणाला पण होतात. पण वहिनी माझ्याशी अशा बोलल्या की मी पोरीला विष घातलं. त्या पोरीला मांडीवर घेऊन वरणभात भरवलाय मी."

मृणालिनीने एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासलं, कारण जंताची अंडी रोज पडतातच असं नाही आणि पुढे कोणी बोट ठेवायला जागा राहायला नको होती. काही नव्हतं. एक अंडं नाही, एक तुकडा नाही. भांडुपच्या कोकणनगरातली ही बाई आतून स्वच्छ होती.

ते सांगायला ती दादाच्या घरी गेली. हॉलमध्ये दादा, वहिनी आणि आई, म्हणजे सुलक्षणाबाई, असे तिघेही होते. अक्षता औषधाने गुंगावून सोफ्यावर आडवी झाली होती. तिच्या पायाशी बसून मृणालिनीने सांगितलं, की सुगंधामध्ये काही नाही.

"आधीच गोळी घेतली असेल तिने," दादा मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला. "या लोकांना सगळं ठाऊक असतं."

'या लोकांना' म्हणताना दादाला काही वाटलं नाही, आणि तिला मात्र कानशिलं तापल्यासारखं झालं. तरी ती शांतपणे बोलली. डुकराचं मटण कच्चट राहिलं आणि माणसाने खाल्लं, की त्यातला जंत त्याच्या आतड्यात वाढतो. लांबच लांब, फितीसारखा. ज्याच्या पोटात तो असतो त्याला बहुधा पत्ताही नसतो, तो मजेत हिंडत असतो. पण त्याच्या शौचातून अंडी पडतात, नखांत अडकतात, आणि त्या हाताने दुसऱ्याला काही खायला दिलं की ती दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून रक्तातून थेट मेंदूत.

"शी," शर्मिष्ठा म्हणाली.

"म्हणजे अक्षताने मटण खाल्लेलं नाही. तिला कोणीतरी हाताने ते दिलंय."

"तेच तर मी म्हणतोय," दादा म्हणाला. "हात. सुगंधाचा हात."

"दादा, अंडी तव्यावर मरतात. कुकरमध्ये मरतात. फोडणीत मरतात. जे शिजलं त्यातून हे होत नाही. जे कच्चं खाल्लं त्यातून होतं." ती आईकडे वळली. "आई, या घरात कच्च्याला कोणी हात लावायचा नाही?"

 सुलक्षणाबाईंना प्रश्न कळला होता. या घरचा कायदा त्यांचाच होता. त्यांच्या सासूकडून आलेला, आणि त्यांनी तो कधी सैल होऊ दिला नव्हता. जे विस्तवावरून जातं ते बाईने करायचं. जे कच्चं खायचं, म्हणजे कोशिंबीर, चटणी, चिरलेलं फळ, अगदी लिंबाची फोडसुद्धा, त्याला मासे खाणारा हात लावायचा नाही. ते घरच्यांनी करायचं. मृणालिनी लहान असल्यापासून हे बघत आली होती. सुगंधाच्या आधीच्या प्रेमाबाईंनाही हेच होतं. फ्रिजमधून काकडी बाहेर आली की सुगंधा कोणी न सांगता ओट्यापासून बाजूला व्हायची आणि गॅसच्या कडेला हात बांधून उभी राहायची. तिला माठातलं पाणी प्यायचं असलं तर वहिनी तिच्या पेल्यात वरून ओतायची.

"इतक्या वर्षांत सुगंधाने या घरात एक काकडी चिरलेली नाही," मृणालिनी म्हणाली. "तुम्ही चिरू दिलेली नाही. मग अक्षताच्या पोटात जे कच्चं गेलं ते कोणाच्या हातचं होतं?"

 मग आई म्हणाली, "म्हणजे आमच्या? मृणाल, आमच्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा येतो."

"मग डबी द्यायला काय हरकत आहे?"

आईने रागानेच दिली. वहिनीने मृणालिनीशी चार दिवस अबोला धरून दिली. दोघींच्या डब्या स्वच्छ निघाल्या, आणि दोघींनी तिला तसं आधीच सांगितलं होतं हेही तिला ऐकून घ्यावं लागलं. राहिला दादा. दादाला दौरा होता. दादाचं पोट साफ नव्हतं. दादा डबी ऑफिसच्या गाडीत विसरला. दादा हसून म्हणाला, "तू ना मृणाल, आता सीबीआय लाव माझ्यामागे." मेंदूत गाठ घेऊन पोर सोफ्यावर पडलेली, चार घरांची रोजी गेलेली बाई भांडुपला बसलेली, आणि याला विनोद सुचतात. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मृणालिनीने एक काचपट्टी बोटांत धरली होती ती मोडली.

दर गुरुवारी दादा सोवळ्याने साग्रसंगीत पूजा करतो. हे तिला माहीत होतं, म्हणून एका गुरुवारी ती लॅब उघडायच्या आधी तिथे पोचली. दादा कद नेसून देवासमोर बसला होता. उघड्या अंगावर जानवं, कपाळाला गंध, दिसायला अगदी बाबांसारखा. समोर चांदीच्या वाटीत पंचामृत. त्यात केळ्याचे काप टाकून तो ते उजव्या हाताच्या बोटांनी कुस्करत होता. आईचं म्हणणं, पंचामृत हातानेच कालवायचं, चमच्याला चव येत नाही. त्याच्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. ते नख दुधात बुडताना तिने पाहिलं. इतके दिवस ती काकडीच्या आणि सफरचंदाच्या मागे लागली होती. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. का आलं नव्हतं? देवाचं म्हणून?

"ये गं, तीर्थ घे," दादा म्हणाला.

अक्षता पुढे झाली. सवयीने तिने उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा, तळव्याची खोलगट वाटी केलेली. गुरुवार चुकवायची नाही पोर. पंचामृत तिला फार आवडायचं, आणि तिच्या वाट्याला आजी नेहमी केळ्याचा काप जास्तीचा टाकायला लावायची. दादाने पळी उचलली. मृणालिनीने त्या इवल्याशा तळव्यावर आपला तळवा पालथा ठेवला.

"आधी डबी, दादा."

पळी तशीच हवेत राहिली. "तीर्थाला आडवी येतेस?" आई मागून म्हणाली.

"येते."

"आत्या, काय झालं?" अक्षताने विचारलं.

"काही नाही गं राणी. आज आत्या तुला घरी नेऊन श्रीखंड देणार आहे." आणि ती पोरीला घेऊन खरोखरच निघाली. जाताना दादाकडे तिने पाहिलं. तो ताम्हनाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच तिला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी डबी आली. काळ्या पिशवीत, वॉचमनच्या हातून, नाव न घालता.

डबीत नुसती अंडी नव्हती. एक पांढरा चपटा तुकडा होता, शिजलेल्या शेवईचा म्हणून चालून जावा असा. तिने तो काचेवर ठेवला तर तो हळूच आखडला आणि पुन्हा पसरला. जिवंत होता. आधी तिने अंडी पाहिली. भिंगाखाली ती गोल, तपकिरी, जाड कवचाची. कवचावर आतून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा, आणि आत जीव धरून बसलेल्या गर्भाचे गळासारखे सहा आकडे, नीट फोकस केला की काचेच्या तुकड्यांसारखे चमकणारे. याच आकड्यांनी तो आतड्याची भिंत फाडतो. यातलंच एक अक्षताच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

मग तिने बारीक सुई घेतली आणि तुकड्याच्या कडेच्या छिद्रातून काळी शाई आत सोडली. दोन काचांमध्ये तो दाबून धरला आणि भिंगाखाली सरकवला. शाई जंताच्या गर्भाशयात पसरत गेली आणि डोळ्यांसमोर एक झाड उभं राहिलं. मधोमध खोड, दोन्ही बाजूंना फांद्या, फांद्यांना पुन्हा फाटे, आणि सगळं अंड्यांनी ठासून भरलेलं. गोमांसातून येणाऱ्या जंताच्या तुकड्यात या फांद्या दाट असतात, डुकराच्या मटणातून येणाऱ्यात विरळ. या विरळ होत्या. तिने खुर्ची मागे घेतली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. विरळच.

खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. शिकत असताना तिने पहिल्यांदा असं झाड पाहिलं तेव्हा सरांनी हाक मारेपर्यंत ती भिंगावरून उठली नव्हती. या प्राण्याला तोंड नाही, पोट नाही. दुसऱ्याने चावलेलं, दुसऱ्याने पचवलेलं अन्न तो नुसता अंगाने शोषून घेतो आणि वाढत राहतो. इतक्या वर्षांत तिला त्याचा कधी राग आला नव्हता, आणि आजही आला नाही. जंत जंतासारखा वागतो. तो कोणाच्या नावाने मेसेज लिहीत नाही. तिला राग आला तो ज्याच्या पोटात हे झाड वाढलं त्याचा, आणि तो माणूस दरवर्षी राखीसाठी तिच्यापुढे हात करतो याचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादा आला. मदतनीस मुलीला तिने खाली पाठवलं आणि दार लावलं.

"बघ," ती म्हणाली.

तो भिंगावर वाकला. "हे काय, झाडासारखं?"

"तुझ्यातलं आहे."

तो झटकन मागे सरला आणि स्टुलावर बसला.

"तुकडे कधीपासून पडतायत?"

"दिवाळीपासून," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मेडिकलमधून जंताची गोळी आणून घेतली होती. थोडे दिवस दिसले नाहीत. वाटलं, गेलं."

"कुठे खाल्लंस?"

"ऑफिसच्या पार्ट्या असतात. फार्महाऊसवर. शेगडीवर भाजतात, ग्लासाबरोबर समोर येतं. सगळे खातात." मग तो एकदम चिडून म्हणाला, "मला आवडतं ते, मृणाल. त्यात काय गुन्हा आहे?"

"खाण्यात काही गुन्हा नाही. रोज खा. नीट शिजवून खा. अक्षताचा एमआरआय आला, डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं होतं की नाही?"

तो काचेवरच्या शाईच्या डागाकडे बघत राहिला.

"दादा, आलं होतं की नाही?"

"शंका आली होती."

"आणि त्याच संध्याकाळी तू ग्रुपवर सुगंधाचं नाव लिहिलंस."

हे ती आधीपासून ओळखून होती. चूक झाली असती तर ती समजू शकली असती. घाणेरड्या हातांनी, अज्ञानाने, दुर्लक्षाने जगात काय काय होतं हे ती रोज बघते. पण हे तसं नव्हतं. या माणसाने शुद्धीवर राहून, आपली शंका आपल्यापाशी ठेवून, जिला उत्तर द्यायची सोय नाही अशी बाई शोधली आणि तिच्या अंगावर ढकलून दिलं. वर सोवळं नेसून पोरीला पुन्हा तीर्थही देत राहिला. हा हलकटपणा होता, आणि तिने तो शब्द त्याला तोंडावर सांगितला.

 तिने गोळी कशी घ्यायची ते सांगितलं, नखं काप म्हणाली, जंत पूर्ण निघेपर्यंत कच्च्याला आणि देवाच्या कशालाही हात लावू नकोस म्हणाली. त्याने सगळ्याला मान हलवली.

"आणि आता ग्रुपवर लिही."

"काय लिहू? आई आहे त्या ग्रुपवर. आई मरून जाईल."

"मग मी सांगते."

तेव्हा दादा उठला, आणि किती शांतपणे बोलला. "तू नाही सांगू शकत. पेशंटचा रिपोर्ट आहे तो. तू डॉक्टर आहेस." दाराशी जाऊन तो पुन्हा थोडा मऊ झाला. "मी सुगंधाला परत बोलावतो. पगार वाढवून देतो. मिटव ना आता. घरातली गोष्ट आहे, यार."

तो बरोबर बोलत होता, हेच तर जिव्हारी लागलं. तिचं तोंड बांधलेलं होतं आणि गाठ कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. ज्याच्या नावाचा बोभाटा व्हायचा त्याचं गुपित जपायचं, आणि जिचं काही नव्हतं तिचा मात्र बोभाटा झालेला.

त्याने गोळी घेतली. जंत निघाला, डोक्यासकट. टाचणीच्या टोकाएवढं डोकं, भिंगाखाली त्यावर आतड्याला चिकटायचे चार गोल चूषक आणि मधोमध आकड्यांचा मुकुट. दादा बरा झाला. ग्रुपवर त्याने लिहिलं: "सुगंधाबाईंचे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. धन्यवाद." त्याखाली अंगठे उमटले. कोणीतरी लिहिलं, "तरी थोडे दिवस जपलेलं बरं." मग मुलीला जंत आला कुठून, असं कोणीही विचारलं नाही. त्यांच्या लेखी ते आधीच ठरलं होतं. त्या तीन घरांपैकी एकानेही सुगंधाला परत बोलावलं नाही.

रविवारी सकाळी मृणालिनी अक्षताला बघायला गेली. पोर हुशारीत होती, खिडकीशी बसून चित्र रंगवत होती. सुगंधाचा परत आल्याचा पहिला दिवस होता. ओट्याशी तिच्या पोळ्या चालल्या होत्या. वहिनी तिच्याशी इतकं गोड बोलत होती की ऐकवत नव्हतं. देवघरात पूजाही आज वहिनीनेच केली होती. अनंतची मान आखडली आहे, असं आई म्हणाली आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. दोघी बायकांच्या डब्या स्वच्छ निघालेल्या, तिसऱ्या डबीबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. आई एवढी अडाणी नव्हती.

मग आईने फ्रिजमधून दोन काकड्या काढल्या. सुगंधा सवयीने बाजूला सरली. आईने ताटली तिच्यापुढे सरकवली, वर सुरी ठेवली. "आजपासून काकडी तूच चोचव," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे तिला किती जड जात होतं. सासूचा कायदा मोडत होती बिचारी. माफी मागायची तिची एवढीच ऐपत होती.

सुगंधा काकडीकडे बघत राहिली. मग तिने गॅस बंद केला.

"आजी, कोणाचा हात होता?"

"जाऊ दे ना आता. झालं गेलं."

"नाय जाऊ देत. मी या घरात कधी काकडीला हात लावला नाय. आज लावायचा तर आधी सांगा, कोणाचा बंद झाला म्हणून माझा चालायला लागला." ती मृणालिनीकडे वळली. "ताई, तुम्हाला माहीत आहे."

 मृणालिनीला बोलणं शक्य नव्हतं. ती फक्त वळली आणि हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेल्या दादाकडे पाहत राहिली. सुगंधाने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं नाही. ती आईकडेच बघत उभी होती, उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही अशी. पेपर खाली आला. अक्षताही चित्र सोडून बाबाकडे बघायला लागली होती, आणि बहुतेक तेच त्याला सहन झालं नाही.

"माझा," दादा म्हणाला. "माझा हात होता. जंत माझ्यात होता."

वहिनीने ओट्याची कड धरली. मग आई म्हणाली, "कोणीतरी फसवून खायला घातलं असेल रे तुला. कोणाच्या तरी डब्यातलं." आणि हे म्हणताना तिची नजर गेली ती सुगंधाकडे. सवयीने, पाण्याने उताराला जावं तशी.

 आता सुगंधा बोलली ते मालवणीत, गावाकडे भांडताना बोलावं तसं. "आजी, आमच्या घरात डुकराचा मटान कधी शिजूक नाय. आमचो देव चालवून घेवचो नाय." तिने हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, सावकाश. पदराला पुसले. दारात चपला घातल्या. पण लिफ्टचं बटण तिने दाबलं नाही. ती जिना चढायला लागली.

दादाला ते कळायला क्षणभर लागला. कळलं तसा तो दाराकडे धावला आणि उंबरठ्यावर थबकला. "मृणाल, तिला थांबव."

"तू जा," मृणालिनी म्हणाली. "तिच्या आधी पोच आणि तुझ्या तोंडाने सांग. मग ती थांबेल."

तो एक पाय बाहेर, एक आत असा उभा राहिला. गेला नाही. दार उघडंच होतं, आणि वरच्या मजल्यावर, त्या तीनपैकी एका घराची, बेल वाजली. कोणीतरी आतून विचारलं, कोण आहे. सुगंधाचा आवाज जिन्यातून खालपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"मी सुगंधा. दार उघडा, वहिनी. कामाक नाय इलंय, सांगूक इलंय."